धुळीचा खोकला

देवाला नेमकं काय विचारायचं, यावरूनच दोन दिवस साखळी ते कोरगाव फोन चालले होते. मंगेशला टीबी आला कुठून, हा खरा प्रश्न. पण रवळनाथाच्या खांद्यांवर पाकळ्या दोनच लागतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तेव्हा प्रश्नही होय-नाहीत बसणारा हवा. शेवटी परबांच्या जावयाने, दीपाच्या नवऱ्याने शांतारामने, तो बसवून दिला: दीपाने भावाला दिलेल्या किडनीतून हे दुखणं आलं काय?

मंजुळाकाकीने हे ऐकलं आणि ती पेज ढवळत राहिली. प्रश्न चुकलाय हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण चूक दाखवायची तर बरोबर काय तेही सांगावं लागतं, आणि ते ती पंचवीस वर्षं गिळून बसली होती.

तीन वर्षांपूर्वी मंगेशच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा थोरल्या बहिणीने, दीपाने, कोणाला न विचारता आपली एक देऊ केली. तिच्या सासूने कोरगावात आकाशपाताळ एक केलं, तरी ती बधली नाही. किडनी लागली, मंगेश उभा राहिला, साखळीच्या बाजारातलं झेरॉक्सचं दुकान परत उघडू लागला. आणि आता थंडी सरता सरता त्याला रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली. खोकला फारसा नाही, ताप शंभराच्या आतबाहेर, फक्त शर्ट अंगावर सैल होत गेला. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी छातीत नळी घालून तपासलं आणि टीबी म्हणून सांगितलं. नवी किडनी शरीराने टाकून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या मंगेश जन्मभर घेणार, त्याच गोळ्यांनी शरीराची राखण ढिली पडते. असल्या माणसाला हा आजार लवकर गाठतो आणि उशिरा दिसतो. त्यात टीबीची मुख्य गोळी किडनीच्या गोळीचा जोर उतरवते. तेव्हा दुसरं औषध, दर आठवड्याला रक्ताची तपासणी, आणि एवढं करून किडनी टिकेलच असं आज कोणी सांगू शकत नव्हतं. जंतू मंगेशच्याच अंगात जुना झोपलेला असेल, किडनीबरोबर आला असेल, नाहीतर घरातल्या कोणाकडून लागला असेल. सगळ्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

घराने त्यातलं मधलं तेवढं ऐकलं. मंगेशची बायको कोमल घाबरून गेली होती. तिने फोनवर नणंदेला विचारलं, वन्सं, तुम्हाला कधी काही झालं होतं का? दीपाने फोन ठेवला तो चार दिवस उचलला नाही. मग शांतारामचा निरोप आला की एकदा पोट कापून दिलं, आता नाव पण ठेवायचं असेल तर देवासमोर ठरू दे. तोवर दीपाची तपासणी बिपासणी काही होणार नाही. मधल्या मधे आरोग्य केंद्रातली नर्स, सुविधा, थुंकीच्या तपासणीच्या डब्या घेऊन घरी आली होती. मंजुळाच्या नवऱ्याने, अशोकने, त्या हसत हसत परत दिल्या.

"आमच्याकडे टीबी नाय गो बाय," तो म्हणाला. "आमच्याकडे धूळ."

घराकडे बघितलं तर ते कोणालाही पटावं. साखळीहून आमोण्याच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच परबांचं घर. खाणी बंद होत्या तोवर केळीची पानं हिरवी होती. ट्रक परत सुरू झाले आणि पानं, कौलं, दोरीवरचे कपडे, सगळं पुन्हा तांबडं झालं. अशोकने स्वतः तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला होता. त्याचा खोकला घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासारखा, असला तरी कोणाला ऐकू न येणारा. किडनी बसवून मंगेश हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं, संसर्गाला जपा. घराने त्याचा अर्थ लावला, धुळीला जपा. पुढच्या खोलीच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या, फटींवर खाकी टेप चिकटवली. सहा वर्षांच्या पोरीला सर्दी होते म्हणून कोमल तिला घेऊन आत निजू लागली. आणि मंगेशच्या खाटेशेजारी चटई टाकली ती अशोकने. ऑपरेशनआधी चौदा महिने ज्याने आठवड्यातून तीनदा त्याला स्कूटरवर मागे बसवून डायलिसिसला नेलं, त्याच्याशिवाय तिथं दुसरं कोण निजणार? धुळीला बाहेर ठेवायचा एवढा बंदोबस्त झाला आणि खोकणारा माणूस कडी लावून आत घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दिवाळीपासून तो खोकला बदलला होता. हे मंजुळाला कळलं, कारण त्याचे रुमाल तीच धूत होती. एक-दोनदा त्यावर डाग दिसला. पण तांबड्या धुळीच्या घरात तांबडा डाग कोण वेगळा काढतो? तिने तो चोळून काढला आणि रुमाल वाळत घातला.

रविवारी सकाळी सगळे देवळात जमले. कोरगावहून दीपा आणि शांताराम आले. मंगेश मास्क लावून बाहेर सभामंडपाच्या खांबाला टेकून बसला. दीपा त्याच्याशी बोलली, कोमलशी बोलली नाही. कोमलनेही पदर सारखा करण्यात बराच वेळ घालवला. गुरवाने पाकळ्या भिजवून देवाच्या दोन्ही खांद्यांना लावल्या आणि अशोक गाऱ्हाणं घालायला पुढे झाला. थोरला भाऊ रामचंद्र गेल्यापासून घराचं गाऱ्हाणं तोच घालायचा. बा देवा म्हाराजा म्हणून त्याने सुरुवात केली, लेकराच्या अंगात आलेलं कुठून आलं ते दाखव म्हणाला, आणि मधेच त्याला खोकल्याची उबळ आली. सगळे मान खाली घालून थांबले. उबळ सरल्यावर त्याने गाऱ्हाणं पुरं केलं.

मंजुळा मात्र त्या खोकल्यात पंचवीस वर्षं मागं गेली होती. रामचंद्र असाच खोकायचा. मंगेश आणि दीपाचा बाप तो. लोकांना सांगितलं, धूळ. पण दर पंधरवड्याला तो बस बदलत थेट पेडण्याच्या दवाखान्यात जायचा. साखळीत कोणी बघू नये म्हणून एवढी लांबची वाट. तिथून तांबड्या गोळ्या आणायचा. चार महिन्यांनी बरं वाटलं, वजन भरलं, तशा त्याने त्या सोडून दिल्या. दोन वर्षांत गेला. पाठोपाठ जाऊबाई गेल्या, आणि ही दोन पोरं मूल नसलेल्या मंजुळाच्या पदरात आली. दीपाची सोयरीक कोरगावला जमत होती तेव्हा अशोकने मंजुळाला बजावलं होतं, टीबी हा शब्द या घरात उच्चारायचा नाही, चेडवाचं लग्न मोडेल. तिने उच्चारला नाही. आणि ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी कागद पुढे घेऊन विचारलं होतं, घरात पूर्वी कोणाला टीबी होता? असेल तर आधीच औषध देऊन ठेवता येतं. त्या खोलीत शांताराम बसला होता. अशोक नाही म्हणाला. मंजुळा त्याच्या शेजारी उभी होती, आणि तिनेही मान हलवली होती.

डावी पाकळी पडली.

कोमल रडायलाच लागली. तिने तिथंच वाकून दीपाचे पाय धरले आणि दीपाने तिला उठवून जवळ घेतलं. शांतारामची दोन दिवस आखडलेली मान सैल झाली. अशोकने नारळ वाढवला. म्हणजे किडनी निर्दोष, दीपा निर्दोष, आणि राहिलं काय तर मंगेशचं नशीब. नशिबाला काही कोणी थुंकीची डबी देत नाही. परतताना गाडीत सगळे मोकळेपणी बोलत होते. मंजुळा मात्र खिडकीतून बाहेर बघत होती. देव खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं तेवढ्याचंच उत्तर त्याने दिलं होतं.

जेवायला तिने भाज्यांचं खतखतं केलं होतं, सोलकढी होती, कालच पोदेराच्या बेकरीतून घेतलेले उंडे पाव मंगेशसाठी वेगळे गरम केले होते. मंगेशचं पान आतल्या खोलीच्या दाराशी, थोडं लांब. बाकीचे ओळीने बसले. बोलता बोलता शांताराम म्हणाला की आता त्या तपासण्या कशाला, दीपाला उगाच दोन दिवस घालवावे लागतील. अशोकने लगेच दुजोरा दिला. देवानेच सांगितलं, आता सुविधाला फोन करून नको म्हणून कळवतो, म्हणाला. दोघं जुन्या दोस्तांसारखे एकमेकांच्या पानात वाढायला लागले. गेले आठ दिवस हेच दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. घरात समेट झाला होता. मंजुळाला वाटलं, किती बरं दिसतंय हे सगळं. तसंच राहू द्यावं. मग तिची नजर मंगेशवर गेली. तो उंड्याचा तुकडा मोडून नुसता हातात धरून बसला होता, आणि त्याच्या गळ्याजवळची हाडं लांबूनही दिसत होती. पुढच्या खोलीत अशोकची चटई गुंडाळून ठेवलेली होती. आज दुपारी ती परत पसरली जाणार होती.

तिने खतखत्याचं भांडं खाली ठेवलं.

"भावोजींका धूळ नव्हती लागली," ती म्हणाली. "टीबी होतो तेंका."

अशोकचा घास हातातच राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, ते थांब म्हणून. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि या नजरेला ती नेहमी थांबत आली होती. आज ती थांबली नाही. पेडण्याची वाट, तांबड्या गोळ्या, त्या गोळ्यांनी लघवी तांबडी व्हायची म्हणून पहाटे कोणी उठायच्या आत तिने धुतलेली बादली, सगळं तिने सांगितलं. डॉक्टरांच्या खोलीतलं सांगितलं. रुमाल सांगितले.

"आमी तेव्हा हो म्हटला असता तर मंगेशाक आधीच औषध गावला असता," ती म्हणाली. "हेनी ना म्हटल्यानी. मी पण म्हटलंय. दोष दोघांचो."

कोमलचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. दोन वर्षं, ती म्हणाली, दोन वर्षं तुम्ही त्यांच्या उशाशी निजत होता काका, आणि मी माझ्या पोरीला तिची सर्दी लागेल म्हणून बापाजवळ जाऊ देत नव्हते. तिचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. ती उठून पोरीला घेऊन मागच्या अंगणात गेली. दीपा मात्र बसून राहिली.

"माज्या लग्नासाठी?" तिने विचारलं.

अशोकने मान हलवली. जावयासमोर त्याला वर बघवत नव्हतं. आपलं सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर झाकण ठेवण्यात गेलं, तीच पानात वाढल्यासारखी समोर आली होती. मंजुळाला त्याची दया आली. तिला वाटलं, आता शांताराम उठणार, हात धुणार, दीपाला चल म्हणणार. तिने स्वतःला त्यासाठी तयार केलं.

शांतारामने सोलकढीची वाटी सरकवली. तो म्हणाला, "काकी, ह्या आमका ठाऊक होता."

मंजुळाला वाटलं आपण भलतंच ऐकलं. पण तो सांगत गेला. सोयरीक ठरायच्या आधीपासून ठाऊक होतं. कोरगावाजवळच्या त्या पेडण्याच्या दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत दीपाच्या बापाच्या पाठीमागं जो माणूस उभा असायचा, तो शांतारामचा सख्खा मामा. त्यालाही तेच दुखणं, त्याच तांबड्या गोळ्या. दोघं रांगेत तासभर गप्पा मारायचे. स्थळ सांगून आलं तेव्हा मामानेच ओळखलं. मग घरात बसून विचार झाला की आपण बोललो तर ते आपलंही काढतील.

"म्हणान आमी पण गप रवलो," शांताराम म्हणाला. "तुमी आमका धूळ सांगलास. आमी तुमका मामाचो दमो सांगलो."

दीपाच्या तोंडून हसू फुटलं, आणि लगेच तिचे डोळे भरले. मामाचा दमा तिला लग्न झाल्यापासून माहीत होता. त्या दम्याचा मामा आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डोंगरावर चढून काजू गोळा करत होता. त्याने गोळ्या शेवटपर्यंत घेतल्या होत्या. दोन्ही घरांनी आपापलं झाकण इतक्या नेटाने धरलं होतं की एकमेकांच्या झाकणाखाली काय शिजतंय ते माहीत असूनही कोणी उघडलं नाही. आणि त्यात मंगेशची दोन वर्षं गेली.

अशोक उठला. हात न धुताच तो पुढच्या खोलीत गेला आणि चटई काखेत घेऊन परत आला. दाराशी येऊन मंगेशपासून चार हात लांब उभा राहिला. इतका लांब तो त्याच्यापासून कधी उभा राहिला नव्हता.

"म्हणजे मीच दिलंय तुका," तो म्हणाला. "उशाशी निजान निजान मीच दिलंय."

मंगेशने मास्क वर घेतला. तो बोलायला मुळातच सावकाश, त्यात आता अशक्त. म्हणाला, डॉक्टर म्हणतात ते कधीच कळणार नाही.

"बाबांचो आसतलो, नायतर तुमचो," तो म्हणाला. "घरचोच मा, काका? सकाळी डबी देवक जाऊया. माका गाडीर मागे बसवा, सवय आसा माका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्राच्या मागच्या मोकळ्या जागेत सुविधाने अशोकच्या हातात डबी दिली आणि आंब्याच्या झाडाखाली, माणसांपासून लांब उभं राहायला सांगितलं. लांब श्वास घ्या आणि पोटातून खोका, म्हणाली. अशोक नुसता घसा खाकरत राहिला. आयुष्यभर त्याला सगळ्यांनी हळू खोकायला सांगितलं होतं. मोकळं खोक म्हणणारी ही पहिलीच. मंजुळा लांबून बघत होती. तिसऱ्या खेपेला त्याला जमलं.

अशोकचा रिपोर्ट आला तो टीबीचाच. दीपाने कोरगावात आपणहून तपासणी करून घेतली आणि ती चांगली निघाली. कोमलच्या पोरीला सहा महिन्यांचं औषध सुरू झालं, आजार होऊ नये म्हणून. मंगेशचं रक्त आठवड्याला जात होतं. पहिल्या दोन वेळा किडनीचा आकडा नको तसा चढला, तिसऱ्या वेळी तिथंच थांबला. थांबला एवढंच. कोमल अशोकला वेळेवर पेज द्यायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. मंजुळाने तिला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. ते तिचं तिला जमेल तेव्हा जमेल.

सुविधा घरी आली तेव्हा तिने आधी पुढच्या खोलीच्या खिडक्यांकडे बोट केलं. हवा खेळली पाहिजे, म्हणाली, हे सगळं उघडा. मंजुळाने सुरीने टेप खरवडून काढली. जनेलं उघडली तसा दोन वर्षं कोंडलेला वास बाहेर गेला आणि पाच मिनिटांत सगळ्या सामानावर तांबडा थर बसला. तेव्हापासून ती दिवसातून चार वेळा पुसायची. अशोकची चटई बाहेर बलकांवात, दारापुढच्या ओट्यावर गेली, खिडकीच्या पलीकडे. दुपारी खाटेवर मंगेश पडलेला असायचा, बाहेर मास्क लावून अशोक, आणि मधल्या उघड्या खिडकीतून दोघांचं गोळ्या घेतल्या का, जेवलास का, असलं काहीबाही चालायचं.

एका दुपारी घरासमोर ट्रक थांबला. अशोकबरोबर गाडी चालवायचा त्या जुन्या मित्राचा मुलगा, सर्वेश. बलकांवातली चटई बघून त्याने वरूनच विचारलं की काय काका, धुळीचा खोकला परत उठला काय?

मंजुळा आत खिडकीची चौकट पुसत होती. तिचा हात थांबला. हे उत्तर तिला पाठ होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला या घराने तेच दिलं होतं.

"धूळ नाय रे," अशोक म्हणाला. "टीबी."

इंजिनाच्या आवाजात सर्वेशला ऐकू गेलं नसावं. त्याने कानाला हात लावला आणि मग इंजिनच बंद केलं. रस्ता एकदम शांत झाला. समोरच्या दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली. अशोक चटईवरून उठून बलकांवाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"टीबी आसा माका," त्याने त्या शांततेत परत सांगितलं, दुकानापर्यंत ऐकू जाईल असं. "माज्या भावाक पण होतो."

खाटेवर मंगेशने कूस बदलली आणि खिडकीकडे तोंड करून डोळे मिटले. मंजुळाने फडकं पिळलं आणि उघड्या खिडकीची चौकट परत पहिल्यापासून पुसायला घेतली.